जुन्या मोटारीचा जामीन

या वेळी रेडिओवर बोलण्यासाठी मी विषय सांगितला तेव्हा केंद्रावरचे मित्र हसले. कवी माणूस, कविता सोडून मोटारीच्या वॉरंटीवर काय बोलणार? मी त्यांना म्हटले, मधल्या काळात वॉरंटीचा एक कागद मी जितक्या वेळा वाचला, तितक्या वेळा स्वतःची एकही कविता वाचलेली नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. इंजिनातले मला फारसे कळत नाही. पण हमीचा कागद शेवटी शब्दांनीच लिहिलेला असतो, आणि शब्दांशी माझा थोडाफार परिचय आहे. तेवढ्या भांडवलावर आज बोलणार आहे.

गोष्ट घरातलीच आहे. माझ्या भाच्याचा मंडप-सजावटीचा व्यवसाय. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने सहा वर्षे वापरलेली एक आलिशान परदेशी बनावटीची मोटार पाहिली. नवी असताना ती पन्नास लाखांच्या घरात होती. आता साडेचौदा लाख. सोबत दोन वर्षांची वाढीव वॉरंटी, तिचे नव्वद हजार वेगळे. दहा लाखांचे कर्ज काढावे लागणार होते आणि बँकेला जामीन हवा होता. बहीण म्हणाली, "गाडी घेशील, पण तिला पोसणार कोण?" भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामू, वारंटी है ना, फिकर कायको?" मी ते गुळगुळीत माहितीपत्रक हातात घेतले. त्यावर ठळक अक्षरांत 'संपूर्ण निश्चिंती' असे लिहिलेले होते. ते दोन शब्द वाचून मी बहिणीची समजूत घातली आणि बँकेत जाऊन जामीन म्हणून सही केली. आतली पाने मी उलटली नाहीत. शब्दांवर पोट नसले तरी जीव असलेल्या माणसाने असे करायला नको होते.

आठव्या महिन्यात गाडी गीअर बदलताना झटके देऊ लागली. मग एके दिवशी सिग्नलला उभी राहिली ती हललीच नाही. वर्कशॉपने खर्चाचा अंदाज दिला चार लाख साठ हजार रुपयांचा. वॉरंटीवाल्यांचे उत्तर दहा दिवसांनी आले. एका ओळीचे: अटींची पूर्तता झालेली नसल्याने दावा नामंजूर. दुकानात गिऱ्हाइकांचे येणे थंडावलेले, गाडी वर्कशॉपमध्ये अडकलेली, आणि कर्जाचा हप्ता एकवीस हजार सातशे. दोन हप्ते चुकले तेव्हा बँकेचा फोन मला आला. ते दोन हप्ते मी भरले. जामीन राहणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी नीट समजले. आणि तेव्हाच प्रश्न पडला की, मी भाच्याला जामीन राहिलो, पण त्या मोटारीला जामीन कोण राहिले होते?

आधी हे पाहू की, अशा मोटारी इतक्या स्वस्त का मिळतात. महागडी गाडी पहिल्या पाच-सहा वर्षांत आपली निम्म्याहून अधिक किंमत गमावते. ज्याला ती नवी घेण्याची ऐपत असते त्याला पुढचे नवे मॉडेल हवे असते, आणि ज्याला जुनी चालते त्याला तिच्या खर्चाची धास्ती वाटते. त्यामुळे जुन्या आलिशान गाडीला गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी साडेचौदा लाखांना मिळाली, तरी तिचा गीअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. तिचा दिवा, तिचा सेन्सर, तिचे टायर, सगळे पन्नास लाखांच्या भावाने येते. जुनी हवेली कमी भाड्याने मिळाली तरी तिचे छप्पर शाकारायला हवेलीएवढेच लागते, तसा हा प्रकार.

आपल्याकडे या गाड्यांचे आकर्षण काही नवे नाही. १९९५ मध्ये पुण्याजवळ मर्सिडीज तयार होऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या, आणि ती बातमी देशभर गाजली. लहान शहरातला माणूसही आता अशी गाडी घेतो, असा त्या बातमीचा अर्थ होता. नव्या गाड्यांचा बाजार वाढला की पाच-सात वर्षांनी जुन्यांचा वाढतो. मग त्या गाड्या माझ्या भाच्यासारख्या माणसाच्या आवाक्यात येतात. गाडी आवाक्यात येते, दुरुस्ती येत नाही. या दोहोंमधली दरी बुजवण्याचे आश्वासन म्हणजे वाढीव वॉरंटी.

आता हा शब्द नीट पाहू. नव्या गाडीबरोबर कंपनी जी वॉरंटी देते ती गाडीच्या किमतीतच धरलेली असते. माल सदोष निघाला तर मी जबाबदार, असे बनवणारा स्वतः म्हणतो. दोन-तीन वर्षांनी ती संपते. त्यानंतर वेगळे पैसे देऊन जी घेतो ती वाढीव वॉरंटी. नाव तेच, पण जात वेगळी. हा दुरुस्तीच्या खर्चाबाबतचा एक स्वतंत्र करार असतो, आणि तो करणारा दर वेळी गाडी बनवणारा असेलच असे नाही. तीन प्रकार संभवतात. पहिला, खुद्द गाडीच्या कंपनीने आपल्या जुन्या गाड्यांच्या योजनेत दिलेली. दुसरा, विकणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतःच्या बळावर दिलेली. तिसरा, या दोघांशिवाय भलत्याच एखाद्या कंपनीने दिलेली, जिच्यामागे कधी विमा कंपनी असते, कधी नसते. शोरूम चकचकीत असते, भिंतीवर गाडीच्या कंपनीचे चिन्ह असते, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटते की हमी त्या चिन्हाची आहे. भाच्याच्या कागदावर शेवटच्या पानाच्या तळाशी वेगळ्याच कंपनीचे नाव होते. ते आम्ही प्रथम वाचले दावा नाकारला गेल्यावर.

म्हणून पहिला प्रश्न हा की, पैसे कोण देणार? आणि तो देणारा दोन वर्षे टिकणार का? व्यापाऱ्याने स्वतःच्या बळावर हमी दिली आणि उद्या दुकानच बंद झाले, तर हमीचा कागद पतंगाला लावायच्या कामाचा.

दुसरा प्रश्न, हमी कशाची? यातही दोन तऱ्हा आहेत. एका कागदात लिहिलेले असते की, खाली दिलेले भाग सोडून बाकी सगळे आमच्याकडे. दुसऱ्यात लिहिलेले असते की, खाली दिलेले भाग तेवढे आमच्याकडे. ऐकायला दोन्ही सारखेच. पण हजारो भागांच्या यंत्रात पहिल्या तऱ्हेत जे नाव यादीत नाही ते तुमच्या पदरात पडते आणि दुसऱ्या तऱ्हेत जे नाव नाही ते तुमच्या डोक्यावर बसते. जाहिरातीतली 'संपूर्ण' मात्र दोहोंवर तशीच छापलेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे झीज. टायर, ब्रेकचे पॅड, क्लचची तबकडी, वायपर, बॅटरी, तेल, फिल्टर हे झिजणारेच, ते हमीत नसतात आणि ते रास्तही आहे. पण या यादीत हळूच रबराचे बुश, होस पाइप, गॅस्केट, सील यांनाही जागा मिळते. जुन्या महागड्या गाडीचे दुखणे नेमके तिथूनच सुरू होते. एक उदाहरण देतो. अनेक आलिशान गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे सस्पेन्शन असते. रबरी फुग्यासारख्या पिशव्यांत हवा भरलेली असते आणि एक छोटा कॉम्प्रेसर ती कमी-जास्त करतो. पाच-सात वर्षांत उन्हाने, खडीने रबराला चिरा पडतात. हवा गळू लागते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि एक दिवस जळतो. तुम्ही दावा करता कॉम्प्रेसरचा, कारण तो यादीत आहे. उत्तर येते की, कॉम्प्रेसर जळाला तो रबर फाटल्यामुळे. रबर ही झीज. आणि हमीबाहेरच्या भागामुळे झालेले नुकसानही हमीबाहेर. प्रत्येक पायरी कागदात लिहिलेली असते. पायऱ्या जोडून जो जिना होतो, तो मात्र कुणी दाखवत नाही.

चौथी गोष्ट, मर्यादा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. भाच्याच्या कागदाच्या अकराव्या पानावर एक वाक्य होते: कोणत्याही एका दाव्यापोटी दीड लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम दिली जाणार नाही. म्हणजे दावा मंजूर झाला असता तरी चार लाख साठ हजारांपैकी तीन लाख दहा हजार आमच्याच खिशातून गेले असते. आता हिशेब करा. वॉरंटी विकणारा जे पैसे घेतो त्यातून विकणाऱ्याचे कमिशन, कर, कार्यालयाचा खर्च आणि नफा काढतो, आणि उरलेल्यातून सर्व गिऱ्हाइकांचे दावे भागवतो. म्हणजे सरासरीने गिऱ्हाइकांना भरल्यापेक्षा कमीच परत मिळणार. यात गैर काही नाही, विमाही असाच चालतो. पण मग माणसाने असा करार कशासाठी करावा? जो घाव आपल्याला सोसवणार नाही, त्यासाठी. वीस हजारांची दुरुस्ती आपण कशीबशी करू, पाच लाखांची जमणार नाही. आणि इथे तर लहान खर्चाला हमी आणि मोठ्या खर्चाला मर्यादा! पावसाळी छत्री भुरभुर पावसात उघडते आणि धो-धो लागला की मिटते, तर ती घ्यायची कशाला?

पाचवी गोष्ट, देखभालीची अट. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किलोमीटरला, अधिकृत वर्कशॉपमध्येच सर्व्हिस झालेली हवी. तुमच्या हातात गाडी आल्यानंतरचे तुम्ही सांभाळू शकता. पण आधीच्या मालकाचे काय? आमचा दावा नेमका इथेच अडला. या गाड्यांच्या स्वयंचलित गीअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने गीअर बदलणाऱ्या झडपा आणि त्यांना हुकूम देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र एकाच पेटीत, तेलाच्या सान्निध्यात असते. तेल जुने झाले, उष्णतेने बिघडले, की झडपा अडखळतात. आपल्या शहरातली इंच-इंच सरकणारी रहदारी आणि एप्रिल-मेचे ऊन त्यात भर घालते. बिघाड झाल्यावर बहुधा अख्खी पेटीच बदलतात, आणि नवी पेटी बसवल्यावर ती गाडीच्या संगणकाशी जुळवून द्यावी लागते. कोपऱ्यावरचा हुशार फिटरही तिथे हात टेकतो, कारण ती जुळणी करणारी यंत्रणा त्याच्याकडे नसते. आधीच्या मालकाने गीअरच्या तेलाची एक सर्व्हिस चुकवली होती. ही नोंद अधिकृत वर्कशॉपच्या संगणकात चेसिस नंबरवर होती. वॉरंटीवाल्यांनी ती दावा आल्यावर काढली. विकताना मात्र कुणी काढली नव्हती.

याच घरातली आणखी एक अट म्हणजे 'पूर्वीपासून असलेला दोष'. गाडी जुनी, तेव्हा प्रत्येक दोष कधी ना कधी पूर्वीपासूनचाच म्हणता येतो. शिवाय तपासणीसाठी गीअरबॉक्स उघडण्याची मजुरी गिऱ्हाइकाची. दावा मंजूर झाला तर परत, नाही तर गेली. आधी मंजुरी घेतल्याशिवाय दुरुस्ती सुरू केली तर दावा बाद. गाडी भाड्याने दिली तर बाद. आमच्या भाच्याने शेजाऱ्याच्या मुलाच्या वरातीला गाडी एक दिवस फुकट दिली होती, फुलांनी सजवून. मंडपाचा व्यवसाय आणि फुलांनी सजलेली गाडी, एवढ्यावरून त्याला विचारणा झाली की, व्यावसायिक वापर करता का? शेजाऱ्याने लेखी दिले तेव्हा तो मुद्दा मिटला.

पाण्याबद्दल वेगळे सांगायला हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून 'हायड्रोस्टॅटिक लॉक' हा शब्द सामान्य माणसाच्या कानी पडू लागला. सोपा अर्थ असा: इंजिनात पाणी शिरले असताना चालकाने ते चालू केले, तर दट्ट्या पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग आतला दांडा वाकतो आणि इंजिन कामातून जाते. वाढीव वॉरंटीत पाण्याने झालेले नुकसान सहसा नसतेच. साध्या मोटार-विम्यातही इंजिनाच्या अशा नुकसानीवर वाद होतो, त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. वॉरंटी यंत्राच्या आतल्या बिघाडासाठी आणि विमा बाहेरून आलेल्या आपत्तीसाठी. या दोन कुंपणांच्या मधल्या बोळात पुष्कळ गिऱ्हाइके अडकतात. त्यातही वाईट म्हणजे पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येते. तिच्या तारांच्या जोडांना आतून गंज चढत असतो आणि वर्ष-दीड वर्षाने एकेक यंत्र मुके होत जाते. तेव्हा उत्तर तयार असते: पूर्वीपासूनचा दोष.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याने खरी वॉरंटी आणि पैसे देऊन घेतलेला सेवा-करार यांत फरक केला आहे. तरीही तिथे या धंद्याची मोठी बदनामी झाली. मिझुरी राज्यातली 'यूएस फिडेलिस' ही असे करार विकणारी मोठी कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे, असे सांगणारे यंत्राचे फोन तिथे इतके वाढले की, २०२१ मध्ये तीन महिन्यांत ५०० कोटींहून अधिक फोन करणाऱ्या एका टोळीला तिथल्या दळणवळण आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जवळजवळ ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 'कारशील्ड' या कंपनीशी एक कोटी डॉलरची तडजोड केली. जाहिरातीत दुरुस्तीची काळजी मिटल्याचे सांगितले जात होते आणि प्रत्यक्षात अनेक दुरुस्त्या कराराबाहेर होत्या, हा आक्षेप होता. पत्रक एक बोलते आणि आतले पान दुसरे बोलते, हा रोग सगळीकडचा आहे.

आता आमच्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यातून वाट सापडते. नकाराच्या एका ओळीवर आम्ही गप्प बसलो नाही. कोणत्या कलमाखाली, कोणत्या पुराव्यावर नकार दिला, हे लेखी मागितले. तेव्हा चुकलेल्या सर्व्हिसचा कागद आला. तो कागद खरा होता. वॉरंटीच्या कंपनीचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते, हे मान्य करावे लागले. मी पुन्हा सगळे कागद काढून बसलो. त्यांत गाडी घेताना व्यापाऱ्याने दिलेली तपासणीची यादी होती. प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबरची खूण, खाली सही-शिक्का. त्यात एक मुद्दा होता, 'सर्व्हिसच्या नोंदी: पूर्ण'. त्यापुढेही खूण होती. म्हणजे ज्या कारणाने हमी नाकारली गेली, ते कारण अस्तित्वातच नाही, असे व्यापाऱ्याने लेखी दिले होते! भांडण वॉरंटीशी नव्हते, विक्रीशी होते. दीड लाखाची मर्यादाही वॉरंटीच्या करारातली. खोट्या वर्णनाच्या तक्रारीला ती लागू नव्हती.

वकिलामार्फत दोघांनाही नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून अमलात आला आहे. त्यात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्हींबद्दल दाद मागता येते. मुख्य सोय अशी की, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावे लागत नाही. आपण मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग; फी पाच लाखांपर्यंत काही नाही आणि दहा ते वीस लाखांना चारशे रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. करारातली अटच एकतर्फी, अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल, तर मात्र तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो, आणि जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावर तक्रार घरबसल्या दाखल करता येते.

आम्हाला आयोगापर्यंत जावे लागले नाही. यादीवरची खूण दाखवल्यावर व्यापारी नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोडीला आला आणि दोन लाख रुपये दिले. उरलेले दोन लाख साठ हजार भाच्याने भरले. गाडी पाच महिने उभी होती. लढलो असतो तर जास्त मिळाले असते, असे वकील म्हणाले. पण हप्ते थांबत नव्हते आणि बहिणीचा धीर सुटत चालला होता. पुढच्या वर्षी भाच्याने गाडी विकून कर्ज फेडले. माझे दोन हप्ते त्याने परत केले. माझी सही बँकेच्या कागदावरून मोकळी झाली.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांना मी घेऊ नका म्हणणार नाही. चांगली गाडी चालवण्याचा आनंद खरा असतो, आणि वाढीव वॉरंटीने ज्यांचे मोठे खर्च वाचले असे लोकही आहेत. फक्त पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी करा. वॉरंटीचे माहितीपत्रक नव्हे, पूर्ण करार आधी मागून घरी आणा. त्यात पैसे देणाऱ्याचे नाव, एका दाव्याची मर्यादा, एकूण मर्यादा, वगळलेल्या भागांची यादी आणि हमी कोणत्या तारखेपासून सुरू होते, या पाच गोष्टी शोधा. जुनी हमी शिल्लक असतानाच नवीही सुरू होत असेल, तर तेवढे महिने फुकट गेले. आधीच्या मालकाची हमी तुमच्या नावावर येणार असेल, तर ती बदलून घेण्याची मुदत आणि फी विचारा. चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधल्या नोंदी सौदा होण्यापूर्वी मागा. गाडीच्या वेगवेगळ्या संगणकांतले किलोमीटर काट्याशी जुळतात का, हे तपासून घ्या. मागच्या विमा पॉलिसीवरचा 'नो क्लेम बोनस' पाहा. सहा वर्षांच्या गाडीला तो शून्य असेल तर अलीकडे मोठा दावा झाला का, हे विचारा. गालिचाखाली, सीटच्या पट्ट्यांच्या मुळाशी चिखलाची रेघ दिसते का, हेही बघा. आणि विकणारा तोंडाने जे जे सांगतो ते सहीने लिहून घ्या. आम्हाला वाचवले ते एका खुणेने.

एवढे करूनही वॉरंटी मोठा घाव झेलणारी नसेल, तर ते नव्वद हजार बँकेत वेगळे ठेवा आणि त्यात दरमहा थोडी भर घाला. ती हमी तुमची तुम्हालाच, आणि तिला बारीक अक्षरे नसतात.

करार, शर्त, वायदा, जामीन हे शब्द अरबीतून आपल्या मराठीत आले आणि बाजारात, कचेरीत रुळले. दोषाला आपण ऐब म्हणतो, तोही त्याच वाटेने आला. लहानपणी वडील एक हकीकत सांगत. पैगंबर बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात. वरचे दाणे कोरडे, आतले ओले. विक्रेता म्हणतो, पावसाने भिजले. ते विचारतात, मग ओले दाणे लोकांना दिसतील असे वर का नाही ठेवलेस? वडील किराणा दुकानात पोती उघडून ठेवत, त्याचे कारण ही हकीकत होती. हमी वगैरे शब्द त्यांनी कधी वापरल्याचे आठवत नाही.

मोटारीच्या बाजारात रास आता काचेच्या शोरूममध्ये असते आणि वर पॉलिश केलेली असते. ती हात घालून पाहण्याचे काम गिऱ्हाइकावर आले आहे. ते सौदा होण्यापूर्वी करायचे. भाच्याने परवा नवी गाडी घेतली, लहानशी, मंडपाचे सामान नेता येईल अशी. बँकेला पुन्हा जामीन हवा होता. मी म्हटले, आण कागद. या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि मगच सही केली.